नोंद घेण्यात आली आहे

बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर,
खाडीकडे पाठ करून बसते मी.
महापालिकेच्या अकाऊंटवर जे नम्र, कधी न दमणारे
‘आम्ही’ असतात,
ती मी एकटी.
अकरा महिन्यांच्या कंत्राटावर.

खड्ड्यांबद्दल मी दिलगीर असते,
गढूळ पाण्याबद्दल दिलगीर,
सेक्टर सहाच्या कुत्र्यांबद्दलसुद्धा.
साहेबांनी पास केलेली सात उत्तरं आहेत,
त्यांतलं चौथं सगळ्यात जास्त खपतं.

प्रारूप विकास आराखड्याचं पोस्टर मीच टाकलं.
आपलं शहर, आपलं मत.
नकाशा इतका बारीक
की बोटांनी ताणला
तर सारसोळ्याचे नुसते चौकोन व्हायचे.

त्या चौकोनांखाली पहिल्यांदा आला हसुराम नाखवा.
प्रोफाइलला होडीचा फोटो,
होडीवरचं नाव रंगवता रंगवता अर्धं सोडलेलं.

‘म्याडम नायतर सायब,
जेट्टीच्या बाजूला पिवला रंग दिलाय.
तिथं आमची जाली सुकतान.
कुनाला इचारून दिला?’

मी उत्तर क्रमांक चार.
शेवटी जोडलेले हात,
तेही पिवळे.

दुसऱ्या दिवशी जाळ्यांचा फोटो.
तिसऱ्या दिवशी तीच जाळी, पाणी चढलेलं.
मग खुंटे, खडूने आकडे घातलेले,
एक ते छत्तीस.
मग कुणी बाई, सुतळी दातात धरून,
कॅमेऱ्याकडे न बघता.
रोज सव्वादहाला,
माझा कॉम्प्युटर धड सुरू व्हायच्या आत.

आणि रोज मी: नोंद घेण्यात आली आहे.
कुठे, ते मलाही माहीत नव्हतं.
अशी वही नाहीये आमच्याकडे.
एकदा विचारलं तर साहेब म्हणाले,
‘एंगेजमेंट वाढतेय ना? मग झालं.’
महिन्याच्या अहवालात हसुरामचे एकोणतीस दिवस
‘सकारात्मक नागरिक संवाद’ या रकान्यात गेले.
आकडा मीच भरला.

सुनावणीच्या दिवशी टायपिस्ट रजेवर,
म्हणून इतिवृत्ताला मला बसवलं.
माणशी तीन मिनिटं.

टोकन एकशे बारा.
इस्त्रीची पँट, पायात रबरी चप्पल,
पिशवीत आमच्या दोघांचे प्रिंट, रंगीत,
पानाला दहा रुपये देऊन काढलेले.
(तेही त्याने सांगितलं. त्यात वीस सेकंद गेले.)
प्रत्येक पानाच्या तळाशी
माझे हात जोडलेले.

‘सायब, मी रोज बोलतंय,
रोज कोनतरी हो म्हनतंय.
मना वाटलं, आतमधी मानूस हाय.
त्याला बोलवा.
त्याला सगलं म्हाईत हाय, छत्तीस खुंटं,
तो सांगंल तुमाला.’

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.
अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, मग पंख्याकडे.

मी उठले नाही.
हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिलं जाणार नाही:
मी उठले नाही.
घणसोलीच्या खोलीचं भाडं, मार्चमध्ये संपणारं कंत्राट,
आणि कोण म्हणून उठणार होते?
‘आम्ही’ म्हणून?

इतिवृत्तात अशा वेळी एक ओळ ठरलेली असते,
अर्जदाराने हरकत नोंदविली.
टाईप करून झाली होती.
ती खोडली.
तो बोलला तसंच लिहिलं,
त्याच्या ‘ल’चा ‘ळ’ न करता,
छत्तीस अंकात आणि अक्षरात.
मना वाटलं, आतमधी मानूस हाय.
पूर्णविराम.

कागद सहीला आत गेलाय.
पंधरा दिवस झाले, बाहेर आलेला नाही.

आज सव्वादहा होऊन गेले.
साडेदहा.
त्याचा फोटो नाही.
मी अंगठ्याने पान खाली ओढते, सोडते.
तो छोटा गोल फिरतो, थांबतो.
पुन्हा ओढते.
लोक असंच करत असतील
आमच्या पानावर.